चिलरमध्ये गॅस किंवा ऑइल भरताना या चुका टाळा

चिलर, म्हणजे मोठ्या इमारतींच्या एसीसाठी पाणी थंड करणारं मशीन, गॅस पीत नाही आणि ऑइलही खात नाही. ते बंद सर्किट आहे, थंडावा देणारा गॅस (रेफ्रिजरंट) आणि कंप्रेसरचं ऑइल त्यातच फिरत राहतात. गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळतोय. ऑइल कमी दिसत असेल तर तेही गळालंय, नाहीतर सर्किटमध्येच दुसरीकडे जाऊन बसलंय. ही साधी गोष्ट माहीत असलेली माणसंसुद्धा प्लांट रूममध्ये पोचली की आधी सिलिंडर जोडतात आणि विचार नंतर करतात. त्यातून होणारं नुकसान मी इतक्या वेळा निस्तरलं आहे की आता लिहून ठेवतो.

ऑइल कमी दिसलं की कॅन उघडणं

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते.

स्क्रू कंप्रेसरमधून (स्क्रूने गॅस दाबणारं यंत्र) ऑइल डिस्चार्ज गॅसबरोबर, म्हणजे दाबून बाहेर सोडलेल्या गॅसबरोबर, बाहेर पडतं. सेपरेटर त्यातलं बहुतेक परत पाठवतो. जे थोडं निसटतं ते कंडेन्सरमार्गे (जिथे गॅसचं लिक्विड होतं) इव्हॅपोरेटरमध्ये (जिथे ते लिक्विड उकळून पाणी थंड करतं) येतं. फ्लडेड इव्हॅपोरेटर असेल, म्हणजे पाण्याच्या ट्यूबा लिक्विडमध्ये बुडालेल्या असतील, तर गॅस उकळून वर निघून जातो आणि ऑइल खाली राहतं. तिथून ते परत आणायला एडक्टर असतो. डिस्चार्जच्या दाबावर चालणारा हा छोटा जेट इव्हॅपोरेटरमधलं ऑइल ओढून कंप्रेसरकडे पाठवतो. त्याच्या वाटेत एक जाळी असते, आणि ती साफ करायची असते हे फार थोड्यांच्या लक्षात राहतं.

एका मोठ्या इमारतीत आर-१३४ए या गॅसचा वॉटर कूल्ड स्क्रू चिलर लो प्रेशरवर ट्रिप होत होता, म्हणजे आपोआप बंद पडत होता. बाहेर जाणारं पाणी ७ अंश ठेवलेलं. पूर्वी सक्शन (कंप्रेसरकडे ओढल्या जाणाऱ्या गॅसचा दाब) ३६ पीएसआयच्या आसपास असायचं, म्हणजे आत ५ अंश सॅच्युरेशन (त्या दाबाला गॅस उकळतो ते तापमान) आणि २ अंश ॲप्रोच (बाहेर जाणारं पाणी आणि सॅच्युरेशन यांच्यातला फरक). मी गेलो तेव्हा सक्शन २९ वर होतं, म्हणजे सॅच्युरेशन १ अंश आणि ॲप्रोच ६. माझ्या आधी आलेल्यांनी सक्शन कमी दिसलं म्हणून गॅस भरला होता. फरक पडला नाही, उलट हेड प्रेशर (कंडेन्सरच्या बाजूचा दाब) चढलं. मग ऑइलची पातळी दाखवणारी काच रिकामी दिसली म्हणून ऑइल भरलं. पंधरा दिवसांनी काच पुन्हा रिकामी, पुन्हा ऑइल. असं तीन वेळा मिळून १४ लिटर. एकालाही प्रश्न पडला नाही की आधीचं ऑइल गेलं कुठे? बाहेर एक थेंब सांडलेला नव्हता.

ते सगळं इव्हॅपोरेटरमध्ये होतं. एडक्टरची जाळी काळ्या गाळाने बंद झालेली. ट्यूबांवर ऑइल चढलं की पाण्यातली उष्णता गॅसपर्यंत नीट पोचत नाही, सक्शन पडतं, आणि मशीन गॅस कमी असल्यासारखं वागायला लागतं. जाळी साफ करून ऑइल फिल्टर बदलला आणि मशीन चांगल्या लोडवर चालवलं. दोन दिवसांत ऑइल परत यायला लागलं आणि काचेच्या वर गेलं. शेवटी १३ लिटर काढलं, जास्तीचा गॅस रिकव्हर केला, म्हणजे सिलिंडरमध्ये परत काढून घेतला, आणि ॲप्रोच परत २ च्या जवळ आला. म्हणजे त्या मशीनला गॅसची गरज नव्हती आणि ऑइलचीही नव्हती. एक जाळी धुवायची होती.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. ऑइलची पातळी मी मशीन सुरू झाल्या झाल्या बघत नाही. किमान अर्धा तास स्थिर लोडवर चालू देतो, मग बघतो. फार कमी लोडवर बरेच दिवस चाललेल्या मशीनची काच मी पुरावा मानत नाही, कारण तेवढ्या लोडवर ऑइल परत आणण्याइतका जोर गॅसच्या वेगात नसतो. त्यानंतर लॉगशीटमधला जुना ॲप्रोच काढतो. तो वाढलेला असेल तर कॅन गाडीतच राहतो. आणि भरलेलं प्रत्येक लिटर मशीनच्या पॅनेलच्या दाराच्या आत तारखेसह लिहितो. कागदावर लिहिलं तर कागद हरवतो, आणि पुढच्या माणसाला वाटतं की तोच पहिला.

काचेत बुडबुडे, म्हणजे गॅस कमी

तसं असेलच असं नाही. ही काच ऑइलची नाही, लिक्विड लाइनवरची. फिल्टर ड्रायर (त्या लाइनमधला कचरा आणि ओलावा अडवणारा फिल्टर) तुंबला असेल तर त्याच्यापुढे दाब पडून बुडबुडे येतात. ड्रायरच्या दोन्ही बाजूंना हात लावा. पुढची बाजू गार लागली तर दोष ड्रायरचा. लोड झपाट्याने बदलतानाही थोडा वेळ बुडबुडे दिसतात. उलट, काच स्वच्छ दिसते म्हणून गॅस पुरेसा आहे असंही नाही, कारण पूर्ण रिकामी काचही स्वच्छच दिसते. नवशिके बुडबुडे जाईपर्यंत गॅस सोडत राहतात. मग जास्तीचं लिक्विड कंडेन्सरमध्ये साठतं, तिथल्या ट्यूबा बुडतात, हेड प्रेशर आणि वीज दोन्ही वाढतात.

मी सबकूलिंग मोजतो. लिक्विड लाइनचं तापमान आणि कंडेन्सरचं सॅच्युरेशन यांच्यातला फरक. कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा तो कमी असेल आणि डीएक्स मशीनमध्ये (जिथे गॅस ट्यूबांच्या आत उकळतो) सुपरहीटही, म्हणजे सक्शन गॅस सॅच्युरेशनपेक्षा किती अंश गरम आहे तो फरकही, वाढलेला असेल, तरच गॅस कमी आहे असं मानतो. त्याआधी पाण्याचा स्ट्रेनर उघडून बघतो. पाण्याचा फ्लो कमी झाला की सक्शन पडतंच, आणि कितीही गॅस भरला तरी स्ट्रेनरमधला कचरा निघत नाही.

व्हॅक्यूममध्ये थेट लिक्विड सोडणं

हे मी एकदाच पाहिलं, पण त्यात अख्खा इव्हॅपोरेटर गेला. दुरुस्तीनंतर मशीनचा व्हॅक्यूम उत्तम झाला होता, ३०० मायक्रॉनवर टिकलेला, म्हणजे आत हवा जवळजवळ नाहीच. वेळ कमी होता, मशीन संध्याकाळपर्यंत हवं होतं. एका मुलाने सिलिंडर उलटा केला आणि लिक्विडचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. चिल्ड वॉटर पंप बंद, ट्यूबांमध्ये पाणी उभं.

आर-१३४ए साध्या वातावरणाच्या दाबालाच उणे २६ अंशांना उकळतो, व्हॅक्यूममध्ये त्याहूनही खाली. ट्यूबांमधलं पाणी काही मिनिटांत गोठलं आणि ट्यूबा फुटल्या. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. थोड्या वेळाने पंप चालू केला आणि पाणी फुटलेल्या ट्यूबांतून गॅसच्या बाजूला शिरलं. मोटार गॅसवर थंड होणारी, म्हणजे वाइंडिंगपर्यंत पाणी. चार तास वाचवायला निघाले होते, मशीन कित्येक आठवडे बंद राहिलं.

म्हणून आधी दोन्ही पंप चालू, चिल्ड वॉटरचा आणि कंडेन्सरच्या पाण्याचा. मग सिलिंडर सरळ ठेवून फक्त वाफेच्या रूपातला गॅस. आर-१३४एचं सॅच्युरेशन २८ पीएसआयला ० अंश असतं, मी ३५ च्या वर गेल्याशिवाय लिक्विडला हात लावत नाही. आर-४१०एसाठी ही ० अंशाची रेषा १०० पीएसआयच्या आसपास आहे, त्यामुळे एका गॅसचा आकडा दुसऱ्याला लावू नका. आर-४०७सीसारखं मिश्रण सिलिंडरमधून लिक्विड रूपातच काढावं लागतं, नाहीतर मिश्रणाचं प्रमाण बिघडतं. तिथे व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडून, मशीनमध्ये शिरण्याआधी त्याचा गॅस होईल असं सोडायचं. यात हात दुखतो आणि वेळ जातो. ज्याला तेवढा धीर नाही त्याने चार्जिंगच्या कामाला उभं राहू नये.

बाकीच्या, थोडक्यात

वीज वाचवायची म्हणून बंद मशीनचा ऑइल हीटर बंद करू नका. थंड ऑइलमध्ये गॅस विरघळतो आणि सुरू करताना फेस होऊन ऑइल बाहेर फेकलं जातं. वीज गेलेली असेल तर मी हीटर २४ तास चालू ठेवूनच मशीन सुरू करतो.

पीओई ऑइल (आर-१३४एसारख्या गॅसबरोबर वापरायचं सिंथेटिक ऑइल) हवेतला ओलावा ओढून घेतं. अर्धा उरलेला कॅन झाकण लावून पुढच्या कामासाठी ठेवू नका. आणि पीओईमध्ये मिनरल ऑइल मिसळू नका.

गॅस अंदाजाने नाही, वजनकाट्यावर भरा. रिकव्हरी सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नाही.

लीक टेस्टला नायट्रोजनच, तोही रेग्युलेटर लावून. ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही नाही. ऑइलबरोबर तो स्फोट करतो आणि त्यात माणसं मेलेली आहेत.

गेज रोज लावू नका, दर वेळी थोडा गॅस जातो. सर्व्हिस व्हॉल्व्हच्या टोप्या घट्ट बसवा. लीक शोधायला निघालात तर आधी टॉर्च घेऊन तेलकट डाग शोधा. गॅस जिथून निघतो तिथे तो बहुतेक वेळा ऑइल सोडून जातो, आणि तिथल्या धुळीचा रंगही वेगळा दिसतो. साबणाचं पाणी आणि डिटेक्टर त्यानंतर.