दिवाळी अंकाला कथा पाठवायचीय? मग आत्तापासून लागा

पहिली गोष्ट कॅलेंडरची. आपली दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पण अंकवाल्यांची उन्हाळ्यातच सुरू होते. साहित्य पाठवा म्हणून आवाहनं साधारण एप्रिलपासून फिरायला लागतात, बहुतेकांची मुदत जून-जुलै, एखाद्याची ऑगस्टपर्यंत, आणि गणपतीच्या सुमारास संपादक मंडळी प्रुफांत बुडालेली असतात. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा उद्योग चालूय आणि नवीन कथा लिहिणाऱ्याला आजही याच्याएवढी मोठी जागा मराठीत दुसरी नाही, पण लोक करतात काय, आवाहन बघून लिहायला बसतात, मुदतीच्या रात्री साडेअकराला कथा संपवतात आणि पाठवून मोकळे. उलटा हिशेब करा. जूनमध्ये पाठवायचीय तर पहिला खर्डा मार्चपर्यंत हातात पाहिजे, मग महिनाभर त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. महिन्याने वाचलं की ती कथा दुसऱ्या कोणीतरी लिहिल्यासारखी वाटते, आणि दुसऱ्याच्या चुका आपल्याला पटकन दिसतात हे तर माहितीच आहे.

पूर्वी हे काम संपादकही करायचे. ‘सत्यकथा’ मासिकात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना बारकाईने पत्रं लिहायचे, कथा परत लिहायला लावायचे. ‘सत्यकथा’ १९८२ला बंद पडलं, आणि आता अंक काढणारा माणूस जाहिराती गोळा करणं, कागदाचे भाव, वितरण यातच इतका अडकलेला असतो की तुमच्या कथेच्या तिसऱ्या पानावर तो तासभर बसेल ही अपेक्षा सोडा (बसणारे आहेत, पण थोडे). म्हणजे ते काम आता आपलंच.

तर करायचं कसं. कथा मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य बिघडलेलंय आणि जिथे आपलं आपल्यालाच पुढे सरकावंसं वाटतं तिथे परिच्छेद जास्तीचा आहे. मग ‘काहूर’, ‘जड अंतःकरणाने’, ‘टचकन पाणी’ असले शब्द फाइलमध्ये शोधा आणि सापडले की त्या आजूबाजूची दोन-तीन वाक्यंपण संशयाने वाचा. उदाहरण देतो:

“आप्पांना रिटायर होऊन वर्ष झालं होतं. दिवस खायला उठत होता, कंडक्टरकीची सवय काही सुटत नव्हती. भाजीवाल्याने परत दिलेली नाणी आप्पांनी दोन बोटांनी चाचपून पाहिली, दहाची वेगळी, पाचची वेगळी रचली आणि मगच खिशात टाकली.”

यातली पहिली दोन वाक्यं खुशाल उडवा. तिसऱ्या वाक्यात सगळं आलेलंय, सवयही आली आणि रिकामपणही आलं, कारण घाईत असलेला माणूस भाजीवाल्यासमोर नाणी रचत बसत नाही. आप्पा एसटीत होते हे पुढे कधीतरी बोलण्यात येईल, वाचकाला तेवढा दम असतो. हेच शेवटाबद्दल. शेवटचा परिच्छेद झाकून कथा वाचा, नव्वद टक्के वेळा ती आधीच्याच परिच्छेदात संपलेली असते आणि पुढे आपण नुसतं समजावून सांगत बसलेलो असतो.

संवादांकडे वेगळं लक्ष द्या. आजी पहिल्या पानावर मालवणीत बोलते आणि पाचव्या पानावर एकदम सदाशिव पेठेत जाते, हे फार होतं. बोली येत नसेल तर येणाऱ्याकडून तपासून घ्या किंवा मग दोन-चार लकबींवर भागवा, अर्धवट बोली त्या भागातल्या वाचकाला फार टोचते.

वाचायला कोणाला द्यायची? बायको-नवरा-मित्र ‘छान आहे’ म्हणणार. त्यांना ‘कशी वाटली’ विचारूच नका, ‘कंटाळा कुठे आला’ विचारा. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोघांनी एकच जागा दाखवली तर तिथे हात घाला, एकट्याचंच मत असेल तर ऐकून घ्या आणि गप्प बसा.

आता पाठवण्याचं. आधी मागच्या वर्षीचा अंक वाचा, विकत नाही तर वाचनालयातून आणून. ‘आवाज’ विनोदी अंक आहे आणि ‘धनंजय’मध्ये रहस्यकथा, गूढकथा चालतात, तिथे तुमची आप्पांची कथा पाठवून काय होणार. युनिकोडमध्ये टाइप करा, वर्ड फाइलसोबत पीडीएफ जोडाच, कारण डीटीपीवाला (अंकाची पानं कॉम्प्युटरवर लावणारा) मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये नेतो तेव्हा जोडाक्षरं फुटतात आणि ‘दुसऱ्या’तला तो अर्धा र तर हमखास जातो, मूळ काय होतं ते पीडीएफवरून कळतं. फाइलला ‘कथा फायनल नवीन २’ असं नाव देऊ नका, कथेचं नाव आणि तुमचं नाव पुरे. शब्दमर्यादा दिलेली असेल तर ती पाळायची, माझी कथा वेगळी आहे म्हणून सूट मिळत नाही. मेलमध्ये चार ओळी, त्यात कथा अप्रकाशित आहे हे लिहायचं, आणि फेसबुकवर टाकलेली कथा बरेच संपादक प्रकाशितच धरतात हे लक्षात ठेवा. एकच कथा एका वेळी एकाच अंकाला. दोन्हीकडे छापून आली तर दोन्ही संपादक कायमचे हातचे गेले.

मग वाट बघणं. पूर्वी निदान ‘साभार परत’ची चिठ्ठी यायची, आता बहुतेकदा काहीच येत नाही. महिना-दीड महिन्याने एक साधा मेल करा, उत्तर नाही आलं तर कथा परत घेतोय असं कळवून दुसरीकडे पाठवा. नकार आला म्हणजे कथा टाकाऊ असं काही नसतं हो, कधी त्याच विषयावरच्या तीन कथा आधीच आलेल्या असतात, कधी ऐनवेळी जाहिराती वाढतात आणि पानं जातात. वाईट वाटतं ते वाटतंच, दोन दिवस वाटू द्या. पण प्रत्येक नकारानंतर कथा नव्याने लिहायला घेऊ नका, तिचा पार भुगा होतो. त्यापेक्षा दुसरी लिहायला घ्या.

‘सहभाग शुल्क भरा, प्रातिनिधिक संग्रहात कथा छापू, सन्मानपत्रही देऊ’ असे मेसेज येतील. माझं मत विचाराल तर सरळ सोडा. मानधन कमी मिळालं, नुसता अंकच मिळाला, चालेल एक वेळ, पण लेखकाने पैसे भरायचे हे काही पटत नाही. आणि कोणी हक्कांच्या कागदावर सही मागितली तर मुदत वाचा. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात, करारात मुदतच लिहिलेली नसेल तर हक्क दिल्यापासून पाच वर्षं धरतात, म्हणजे ‘कायमस्वरूपी’ असं लिहिलेलं असेल तर ते तुम्ही स्वतःहून देताय. उद्या स्वतःचा कथासंग्रह काढायचा असेल तेव्हा हेच आडवं येतं.

कथा घेतली असा फोन आला की उड्या मारून झाल्यावर दोनच गोष्टी विचारा: प्रूफ बघायला मिळेल का, आणि काही कापणार असाल तर आधी सांगाल का. प्रूफ आलं तर सगळ्यात आधी कथेचं नाव आणि स्वतःचं नाव तपासा, आत शंभर वेळा वाचलेलं असतं पण तिथे कोणी बघत नाही.