शनिवार-रविवारचे घरगुती प्रयोग : पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी

प्राथमिक शाळेतील मुलांबरोबर घरी प्रयोग करताना मोठ्यांनी एक पथ्य कटाक्षाने पाळावे : काय होणार आहे, हे आधी सांगून टाकू नये. मुलाने आपला अंदाज वहीत लिहावा, लिहिता येत नसेल तर चित्र काढावे, मग प्रयोग करावा आणि जे दिसले ते अंदाजाच्या शेजारी नोंदवावे. अंदाज चुकला तरी तो खोडू देऊ नये, कारण चुकलेल्या अंदाजापाशीच मूल थांबते आणि ‘असे का झाले?’ हा प्रश्न आपणहून विचारते. दुसरे पथ्य असे, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर फरक कशामुळे पडला हे मोठ्यांनाही सांगता येत नाही.

शनिवार-रविवारी प्रयोग करायचे असतील, तर शुक्रवारी रात्री वाटीभर मटकी भिजत घालावी. तिचे पुढे काय करायचे ते शेवटी सांगितले आहे.

हळदीचा कागद

उसळीचा डाग पडलेला पांढरा सदरा साबणाने धुताना डाग लालभडक होतो, हे आपल्या घरांत सर्वांनी पाहिलेले असते. सुरुवात तिथूनच करावी. एक चहाचा चमचा हळद थोड्या पाण्यात कालवून तिचा पातळ लेप पांढऱ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना लावावा, कागद सावलीत वाळवावा आणि त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. उन्हात वाळवू नये, कारण हळदीचा रंग उन्हाने उडतो. एक पट्टी मुद्दाम दिवसभर उन्हात ठेवून मुलांना हेही पाहता येईल.

आता लहान वाट्यांमध्ये लिंबाचा रस, ताक, चिंचेचे पाणी, साधे पाणी, खायच्या सोड्याचे पाणी आणि कपडे धुण्याच्या साबणाचे पाणी घ्यावे. प्रत्येक वाटीसमोर मुलाने आधी अंदाज लिहावा आणि मग स्वच्छ काडीने एकेक थेंब पट्टीवर ठेवावा. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्लात व साध्या पाण्यात पिवळेच राहते, आम्लारीत, म्हणजे साबणासारख्या आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात, मात्र लालसर तपकिरी होते. म्हणून लिंबू, ताक व चिंच यांनी पट्टी बदलत नाही आणि साबणाने ती लाल होते. खायचा सोडा सौम्य असल्यामुळे त्याची छटा फिकी येते, आणि ‘लाल झाली की नाही?’ यावर भावंडांत वाद होतो. तो वाद होऊ द्यावा व दोघांचीही निरीक्षणे वहीत लिहून घ्यावीत. लाल झालेल्या डागावर लिंबाचा थेंब टाकला, की डाग पुन्हा पिवळा होतो.

यात एक चकवा आवर्जून ठेवावा. कोकमाचे आगळ पट्टीवर टाकले, तर डाग लाल दिसतो. आगळ तर जिभेला आंबट लागते, मग ते साबणाच्या बाजूचे कसे? माझ्या भाचीने यावर बराच वेळ विचार केला आणि हळद न लावलेल्या कोऱ्या कागदावर आगळाचा थेंब टाकून पाहिला. तोही लालच दिसला, म्हणजे तो रंग आगळाचा स्वतःचा होता. तुलनेसाठी कोरा कागद शेजारी हवा, ही गोष्ट ती तिसरीत असताना स्वतः शिकली, आणि मला हा प्रयोग सर्वांत प्रिय आहे तो त्यासाठी.

पारंपरिक कुंकवाचा लाल रंगही हळद आणि चुना यांच्या संयोगातूनच येतो. तरी चुना मुलांच्या हाती देऊ नये. तो डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते. प्रयोगासाठी घेतलेली कोणतीही वस्तू मुलांनी चाखू नये आणि शेवटी हात साबणाने धुवावेत.

लाल जास्वंदीच्या चार-पाच फुलांच्या पाकळ्या पाव पेला गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवून गाळल्या, की दुसरा दर्शक, म्हणजे रंग बदलून आम्ल-आम्लारी ओळखून देणारा पदार्थ, तयार होतो. तो लिंबाने गुलाबी-लाल आणि सोड्याने हिरवट होतो, म्हणजे हळद जिथे गप्प राहते तिथेही तो बोलतो.

मिठाच्या पाण्यात बटाटा

बटाट्याची एक जाड फोड साध्या पाण्यात टाकावी, ती बुडते. आता पाव लीटर पाण्यात चार मोठे चमचे मीठ ढवळून पूर्ण विरघळवावे आणि तीच फोड त्यात सोडावी, ती तरंगते. मिठामुळे तेवढ्याच आकारमानाचे पाणी अधिक जड होते, एवढे स्पष्टीकरण या वयाला पुरते. किती चमच्यांनंतर फोड वर येते, हे एकेक चमचा घालून मोजल्यास प्रयोग अधिक चांगला होतो.

मेणबत्ती आणि उलटा पेला

मेणबत्ती मोठ्यांनीच पेटवावी, केस बांधलेले असावेत आणि जवळ पडदा नसावा. खोलगट ताटलीत मध्यभागी मेणबत्ती चिकटवून अर्धा इंच पाणी ओतावे. पाण्यात शाईचे दोन थेंब टाकल्यास ते नीट दिसते. पेटलेल्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा ठेवावा. थोड्या वेळाने ज्योत विझते आणि पाणी पेल्यात चढते.

‘मेणबत्तीने प्राणवायू संपवला आणि त्याची जागा पाण्याने घेतली’ हे स्पष्टीकरण सर्वत्र सांगितले जाते, पण ते बरोबर नाही. प्राणवायू पूर्ण संपण्याआधीच ज्योत विझते, आणि जळताना कार्बन डायऑक्साइड व वाफही तयार होते. मुलांना पाणी नेमके केव्हा चढते ते नीट पाहायला सांगावे : ज्योत जळत असताना ते फारसे हलत नाही, विझल्यावर मात्र झपाट्याने वर येते. ज्योतीने तापून फुगलेली हवा थंड होताना आकसते, वाफेचेही पाणी होते, पेल्यातला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. पेला ठेवताना काठाशी बुडबुडे दिसले, तर ती बाहेर निसटणारी तापलेली हवा असते.

पडताळा असा घ्यावा : त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावाव्यात. पेल्यातील प्राणवायू तेवढाच, सुमारे २१ टक्के, असतो. तरी पाणी अधिक उंच चढते, कारण हवा अधिक तापलेली असते. ज्योतीशिवायही हे दाखवता येते. प्लॅस्टिकची बाटली गरम पाण्याने विसळून रिकामी करावी आणि लगेच झाकण घट्ट लावावे. बाटली थंड होत जाते तशा तिच्या बाजू आत खेचल्या जातात.

शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत केवळ मेणबत्ती या विषयावर मुलांसमोर सहा व्याख्याने दिली होती. एका ज्योतीत पाहण्यासारखे तेवढे आहे.

मटकीचे मोड

शनिवारी सकाळी भिजलेली मटकी निथळून प्रत्येकी वीस दाण्यांचे चार वाटे करावेत. पहिला वाटा ओल्या फडक्यात बांधून ओट्यावर ठेवावा, दुसरा तसाच बांधून फ्रिजमध्ये, तिसरा वाटीत पूर्ण पाण्याखाली आणि चौथा उजेडात, ताटलीतील ओल्या कापसावर उघडा. न भिजवलेले वीस कोरडे दाणे पाचव्या वाटीत तुलनेसाठी ठेवावेत. अंदाज लिहून झाल्यावर सकाळ-संध्याकाळ मोड आलेले दाणे मोजावेत आणि फडके व कापूस ओलसर ठेवावा.

ओट्यावरच्या दाण्यांना चांगले मोड येतात आणि उजेडातल्यांनाही येतात, त्यामुळे मोडांना अंधारच लागतो हा समज तपासला जातो. फ्रिजमधले दाणे थंडीमुळे मागे राहतात. पाण्याखालचे दाणे खुरटतात, कारण बीही श्वसन करते आणि तिथे त्याला हवा पुरेशी मिळत नाही.

भिजवलेल्या मटकीत काही दाणे दगडासारखे टणक राहतात. आजी त्यांना गणंग म्हणते आणि निवडून टाकते. त्यांच्या टणक सालीतून पाणी आत शिरत नाही. ते टाकू नयेत. पॉलिशपेपरवर हलकेच घासून, साल थोडी खरवडून पुन्हा भिजवावेत आणि दुसऱ्या दिवशी किती फुगले ते मोजावे.

नोंदी पूर्ण झाल्यावर पाण्याखालची वास मारणारी मटकी कुंडीतील मातीत मिसळावी. फडक्यात बांधलेल्या दोन वाट्यांचे दाणे मात्र रविवारच्या उसळीत घालता येतात.