एक डबा की दोन? होडीसाठी जीपीएस प्लॉटर आणि फिश फाइंडर निवडताना

मासेमारीवरची पावसाळी बंदी १ जूनला लागते आणि ३१ जुलैला उठते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात ते हेच दिवस, आणि तळाला भोक पाडून ट्रान्सड्यूसर (पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणारा भाग) बसवायचं काम याच दिवसांत होतं. त्यामुळे नकाशावर होडीची जागा दाखवणारा जीपीएस प्लॉटर आणि प्रतिध्वनीवरून खोली व मासळी दाखवणारा फिश फाइंडर वेगवेगळे घ्यायचे की दोन्हींचं एकत्रित यंत्र, हे मे महिन्यातच ठरलेलं बरं.

दुकानात बोलणं पडद्याच्या इंचांपासून सुरू होतं. आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: किनाऱ्यापासून लांब असताना हे यंत्र बंद पडलं, तर हातात काय उरतं? एकाच डब्यात सगळं असेल तर नकाशा, खोली, साठवलेल्या जागा आणि परतीची वाट एकदमच जातात. मिठाच्या पाण्याने एक प्लग गंजला किंवा फ्यूज उडाला, तरी तेवढं पुरतं.

तरीही एकत्रित यंत्राचा फायदा मोठा आहे. वायरिंग अर्धं होतं, जागा कमी लागते आणि दोन डब्यांपेक्षा खर्चही सहसा कमी येतो. सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे जागा साठवणं. मासळीचा थवा पडद्यावर दिसतो तोवर होडी पुढे सरकलेली असते. एकत्रित यंत्रात कर्सर मागे त्या खुणेवर न्यायचा आणि जागा साठवायची. थवा जिथे दिसला तिथलेच अक्षांश-रेखांश मिळतात. दोन वेगळे डबे एकमेकांना जोडलेले नसतील, तर प्लॉटरवर बटण दाबेपर्यंत ४ नॉटच्या वेगाने ३० सेकंदांत होडी साधारण ६० मीटर पुढे गेलेली असते. खडपाच्या, म्हणजे पाण्याखालच्या खडकाच्या, कडेला जाळं टाकणाऱ्याला ६० मीटर म्हणजे जाळं फाटण्याइतका फरक. वेगळे डबे घेतलेत तर प्लॉटरची माहिती फिश फाइंडरला देणारी एनएमइए जोडणी (होडीवरची यंत्रं एकमेकांशी बोलतात ती ठरलेली पद्धत) करून घ्याच. एकाची पाठवणारी वायर दुसऱ्याच्या घेणाऱ्या वायरला जोडतात आणि दोन्हीकडे माहिती पाठवण्याचा वेग एकच ठेवतात, बहुधा ४८०० बॉड.

एकत्रित यंत्राची खरी अडचण पडद्याची. बऱ्याच ७ इंची यंत्रांचा पडदा ८०० बाय ४८० ठिपक्यांचा असतो. अर्ध्यात नकाशा ठेवला की फिश फाइंडरला ४०० ठिपके उरतात. प्रत्येक प्रतिध्वनी एकेक उभी रेघ होऊन सरकत जातो, म्हणजे मागचा इतिहासही निम्माच दिसतो. ट्रॉल ओढताना हा इतिहास लागतो, कारण जाळं होडीच्या बरंच मागे असतं आणि मघाशी खालून काय गेलं ते आता जाळ्यापाशी पोचतं. दोन्ही चित्रं सतत पाहायची असतील तर ९ इंचांखाली उतरू नका.

आमचा सल्ला असा. केबिन नसलेली, आउटबोर्डवर चालणारी आणि त्याच दिवशी परतणारी फायबर होडी असेल, तर ७ इंची एकत्रित यंत्र घ्या आणि सोबत सेलवर चालणारा हातातला जीपीएस ठेवा. बंदराच्या मुखाची आणि परतीच्या वाटेची टिंबं त्यातही भरून ठेवा. काही दिवस बाहेर राहणाऱ्या केबिनच्या ट्रॉलरवर किंवा गिलनेटच्या नौकेवर दोन वेगळे पडदे हवेत. सुकाणू धरणारा एकाकडे पाहतो, तांडेल (नौकेचा प्रमुख) दुसऱ्याकडे. दोन्हींना बॅटरीपासून स्वतंत्र वायर आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेला स्वतंत्र फ्यूज द्या. खिशाला परवडत असेल तर प्लॉटरच्या जागीही एकत्रित यंत्र बसवावं, म्हणजे एक फिश फाइंडर हाताशी राखीव राहतो. फक्त दोन्ही फिश फाइंडर एकाच वेळी एकाच वारंवारतेवर, म्हणजे २०० किलोहर्ट्झवर, चालवू नका. एकाचा आवाज दुसऱ्याच्या पडद्यावर तिरक्या रेघांनी उमटतो.

पालघरमध्ये ३० ऑगस्ट २०२४ रोजी ज्याच्या देशभरातल्या वाटपाची सुरुवात झाली, तो मासेमारी होड्यांवरचा ट्रान्सपाँडर (उपग्रहामार्फत संदेश पोचवणारं यंत्र) संकटात संदेश देण्याघेण्यासाठी आहे. तो बसवलेला असला तरी प्लॉटर लागतोच.

डबे कितीही असोत, चित्र चांगलं येतं ते ट्रान्सड्यूसरमुळे, आणि पैसे वाचवायला लोक नेमके तिथेच हात आखडतात. २०० किलोहर्ट्झच्या आवाजाचा झोत अरुंद असतो, ५० चा रुंद. १५ वावांवर, म्हणजे साधारण २७ मीटरवर, १२ अंशांचा झोत तळावर जेमतेम पावणेसहा मीटरचं वर्तुळ पाहतो, ४५ अंशांचा सुमारे २२ मीटरचं. रुंद झोतात मासळी जास्त सापडते, पण खडपाचा उंचवटा आणि शेजारचा सपाट तळ एकमेकांत मिसळतो. उथळ पाण्यात खडप टाळायचा असेल तर २०० वापरा.

फायबर भरीव असेल तर ट्रान्सड्यूसर आतूनच तळाला इपॉक्सीने चिकटवता येतो. मध्ये फोम किंवा लाकडाचा थर असेल तर आवाज तिथेच मरतो. चिकटवण्याआधी पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ट्रान्सड्यूसर ठेवून ती तळावर दाबा आणि पाण्यावर होडी चालवून पाहा. चित्र आलं तरच इपॉक्सी कालवा. त्यात हवेचा बुडबुडा राहिला तर सगळं काम परत. आतून बसवलेल्याने पाण्याचं तापमान मात्र कळत नाही. लाकडी होडीला तळातून आरपार जाणारा ब्राँझचाच बसवा. लाकूड फुगतं आणि प्लास्टिकचा तडकतो.

मागच्या फळीवर बसवायचा झाल्यास एका पंख्याच्या होडीत उजवी बाजू निवडा आणि पंख्याच्या फिरण्यापासून किमान ७५ मिलिमीटर लांब राहा. ट्रान्सड्यूसरची वायर जास्त झाली म्हणून कापू नका, गुंडाळून ठेवा. ती इंजिनच्या आणि व्हीएचएफ रेडिओच्या वायरींसोबत बांधूही नका. रंगकाम करणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर तळाचा जाड रंग लावायचा नाही. पाण्यावर आधारलेल्या रंगाचा पातळ हात चालतो. होडी जमिनीवर असताना मोठ्या ताकदीचा, १ किलोवॅटचा ट्रान्सड्यूसर चालू ठेवू नका, तो तापून निकामी होतो.

जीपीएसचा अँटेना डब्याच्या आतच असेल आणि वर लोखंडी छप्पर असेल, तर उपग्रह सापडणार नाहीत. बाहेरचा अँटेना लागेल. फायबरचं छप्पर आड येत नाही.

पडद्यावर गडबड दिसली तर इंजिन बंद करून पाहा. रेघा गेल्या तर दोष विजेचा आहे. अर्थिंग आणि वायरींचा मार्ग तपासा. वेग वाढवल्यावरच ठिपके उठत असतील तर ट्रान्सड्यूसरखाली बुडबुडे येत आहेत, त्याची जागा किंवा कोन बदला. स्टार्टर मारताना यंत्र बंद होऊन पुन्हा चालू होत असेल, तर बॅटरीचा दाब पडतो आहे. इलेक्ट्रॉनिक्सला वेगळी बॅटरी द्या.

एक चूक दोन्ही पर्यायांत होते. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राकडून मिळणारी संभाव्य मासेमारी क्षेत्रं अक्षांश-रेखांशांत येतात, आणि ती भरताना मिनिटांचे दशांश आणि सेकंद यांची गल्लत होते. १६ अंश ५९.३० मिनिटं आणि १६ अंश ५९ मिनिटं ३० सेकंद यांत ०.२ मिनिटाचा, म्हणजे ३७० मीटरचा फरक आहे. डबा अक्षांश-रेखांश कोणत्या मांडणीत घेतो ते आधी तपासा, मग आकडे भरा. खाडीच्या मुखावरची वाळू पावसाळ्यानंतर जागा बदलते, म्हणून तिथे कार्डातल्या नकाशावर न जाता भरतीला हळू जाऊन खोली पाहा आणि नवी वाट साठवा. साठवलेल्या जागा दर महिन्याला मेमरी कार्डावर उतरवून ते घरी ठेवा, आणि महत्त्वाची टिंबं वहीत पेनाने लिहून केबिनमध्ये टांगा.