आंतरराष्ट्रीय संबंधांत पीएचडी करायचीय? मग प्रश्न घेऊन या

आंतरराष्ट्रीय संबंधांत संशोधन करायचंय म्हणून जी मुलं भेटतात, त्यांच्याकडे मतं भरपूर असतात. चीनला कसं रोखावं यावर तासभर बोलतील. 'तुझा प्रश्न काय?' म्हटलं की गाडी अडते. 'भारत-अमेरिका संबंध : एक अभ्यास' हा प्रश्न नव्हे, नुसता मथळा झाला.

माझं काम संयुक्त राष्ट्रांतल्या भारताच्या मतदानावर आहे, म्हणून उदाहरण तिथलंच देतो. 2 मार्च 2022 ला आमसभेत, रशियाने युक्रेनमधून सैन्य मागे घ्यावं म्हणणाऱ्या ठरावाच्या बाजूने 141 मतं पडली, विरोधात 5, तटस्थ 35. भारत तटस्थ. कारण विचारा, बहुतेक जण एका दमात सांगतील : रशियन शस्त्रं. बरं, मग 1956 चं काय करायचं? हंगेरीत सोव्हिएत रणगाडे घुसले तेव्हा 4 नोव्हेंबरच्या ठरावावरही भारत तटस्थच होता. सोव्हिएत मिग विमानांच्या खरेदीचा करार तर 1962 चा. आणि 9 नोव्हेंबरला, हंगेरीत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्या म्हणणाऱ्या ठरावाला भारताने चक्क विरोध केला. देखरेखीखालच्या निवडणुका म्हटलं की काश्मीरमधल्या सार्वमताचा वाद आठवतोच. पण आठवणं वेगळं आणि कागदावर दाखवणं वेगळं. प्रबंध या दोहोंच्या मधल्या जागेत लिहिला जातो.

कागद कुठे मिळतात? संयुक्त राष्ट्रांची डिजिटल लायब्ररी फुकट आहे. नुसतं मत बघून थांबू नका, प्रतिनिधीने त्या मताचं दिलेलं स्पष्टीकरण वाचा. हात बसवायला सुरक्षा परिषदेची 987 आणि 988 क्रमांकाची बैठक घ्या : 18 डिसेंबर 1961, विषय गोवा. पोर्तुगाल आक्रमणाची तक्रार घेऊन आलेला, आणि भारताचे सी. एस. झा म्हणतात की हा वसाहतवादाचा प्रश्न आहे. युद्धबंदी आणि सैन्यमाघारीच्या ठरावाला 7 मतं मिळाली, विरोधात 4, आणि त्यातलं एक सोव्हिएत व्हेटोचं. उरलेली तीन सिलोन (आजचं श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताकाची (म्हणजे तेव्हाच्या इजिप्तची). व्हेटो सगळ्यांना माहीत असतो. मला विचाराल तर लायबेरियाचं मत जास्त रंजक आहे.

अभ्यासक अमिताव आचार्य यांनी 2014 मध्ये 'ग्लोबल आयआर'ची, म्हणजे या विषयात पाश्चात्त्य देशांपलीकडचे अनुभव आणि विचारही घ्यावेत अशी, मांडणी केल्यापासून अशा प्रश्नांना नियतकालिकांत जागा वाढलीय. (त्याचा एक दुष्परिणाम म्हणजे दर तिसऱ्या प्रपोजलमध्ये कौटिल्य.) आकड्यांची आवड असेल तर राज्यशास्त्रज्ञ एरिक व्होएटेन यांचा आमसभेतल्या 1946 पासूनच्या मतदानाचा डेटा घ्या आणि 'आर' ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिका. फक्त तटस्थ आणि गैरहजर एका रकान्यात कोंबू नका.

दिल्लीत नॅशनल आर्काइव्हजला जाण्याआधी 'अभिलेख पटल' पोर्टलवर फाइल क्रमांक शोधून ठेवा. नियमाने 25 वर्षांनंतर कागद खुले व्हायला हवेत. प्रत्यक्षात परराष्ट्र खात्याच्या फाइलची मागणी-चिठ्ठी 'एनटी', म्हणजे फाइल इथे आलेलीच नाही, असा शेरा घेऊन परत येऊ शकते. त्यामुळे भारताचीच बाजू कळायला लोक लंडनमधले ब्रिटिश कागद आणि अमेरिकी परराष्ट्र खात्याचे छापील खंड चाळतात. हे खंड ऑनलाइन आहेत, तिकीट काढायची गरज नाही. गोव्यावर काम करणार असाल तर मात्र पोर्तुगीज शिकाच. गोवा विद्यापीठात सोय आहे, आणि ही भाषा येणारे स्पर्धक कमी आहेत.