तिसऱ्या राउंडची हार मांडणीत शोधायची कशी

वॉरहॅमर ४०,००० या छोट्या मूर्तींच्या सैन्यांनी टेबलावर खेळायच्या युद्धखेळात डावाआधीच्या चुकीच्या मांडणीची शिक्षा लगेच मिळत नाही. ती दुसऱ्या-तिसऱ्या राउंडला (दोघांची एकेक टर्न म्हणजे एक राउंड) मिळते, आणि तोवर सुरुवातीला कोण कुठे उभं होतं हे कुणालाच नीट आठवत नाही. मग सगळं खापर फाशांवर फुटतं. म्हणून दोघांची मांडणी झाली की पहिल्या टर्नचा फासा टाकण्याआधी टेबलाचा वरून एक फोटो घ्या, आणि दुसरा राउंड संपला की त्याच जागेवरून दुसरा. सोबत वहीत प्रत्येक मोठ्या युनिटसमोर (एकत्र हलणारी तुकडी किंवा एखादी गाडी) एक ओळ लिहा: हे इथे कशासाठी ठेवलं? ओळ सुचत नसेल तर ते युनिट चुकीच्या जागी आहे, हे तिथेच कळतं.

खालचे आकडे २०२३ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीचे आहेत. टेबल ४४ × ६० इंच, डाव २००० पॉइंट्सचा, म्हणजे प्रत्येकाच्या युनिट्सची एकूण किंमत तेवढी.

डाव संपल्यावर आधी फासे आणि मांडणी वेगळे करा. समजा, तुमचा टी १० (टणकपणा), ११ वूंड्स (इतकं नुकसान झालं की नष्ट), ३+ सेव्हचा (चिलखताच्या फाशावर ३ किंवा जास्त लागतात) रणगाडा पहिल्याच टर्नला उडाला. ३+ वर लागणाऱ्या चार लॅसकॅननचं (रणगाडाभेदी तोफांचं) सरासरी नुकसान साधारण ६.७ भरतं. रणगाडा अशा एकाच चौकडीसमोर असेल तर नशीब फुटकं, पुढे चला. पण दोन चौकड्यांना दिसत असेल तर सरासरीच १३ च्या वर जाते. तो मरण्याचीच शक्यता जास्त होती, आणि चूक जागेची होती.

ही चूक बहुतेक वेळा एकाच कारणाने होते: पहिली टर्न आपली, असं मनात धरलेलं असतं. पहिली टर्न कोणाची हे मांडणीनंतर ठरतं, त्यामुळे दुसरी टर्न आपली असं समजूनच मांडा. समोरच्याची हालचाल अधिक रेंज टेपने मोजा. १० इंच चालणारी आणि ४८ इंच मारणारी गाडी जवळजवळ सगळं टेबल व्यापते. तिच्यापासून अंतर वाचवत नाही, रुइनची (पडक्या इमारतीची) आड वाचवते.

मात्र आड घेताना गाडी अडकते, आणि ही चूक फोटोत सहज दिसते. पायदळ रुइनच्या भिंतीतून जाऊ शकतं, गाडी नाही. १० इंचांपैकी ६ इंच भिंतीला वळसा घालण्यात गेले तर ती पहिल्या टर्नला जवळजवळ जागेवरच राहते. दोन गाड्या एकामागे एक असतील तर पुढची हलल्याशिवाय मागची निघत नाही. ठेवण्याआधी गाडीच्या रुंदीसकट वाट मोजा.

मागची बाजू उघडी राहणं ही तिसरी नेहमीची चूक. दुसऱ्या राउंडपासून डीप स्ट्राइकची (टेबलाबाहेर थांबून मधेच उतरणारी) युनिट्स तुमच्या हद्दीतही, म्हणजे तुमच्या मांडणीच्या भागातही उतरतात, फक्त तुमच्या प्रत्येक मॉडेलपासून (मूर्तीपासून) आडवं अंतर ९ इंचांहून जास्त हवं. म्हणजे दोन मॉडेल्सच्या बेसमधलं अंतर १८ इंचांच्या आत असेल तर त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कुणी उतरू शकत नाही. रेषेच्या आजूबाजूची जागा मात्र वेगळी तपासावी लागते. स्ट्रॅटेजिक रिझर्व्ह (टेबलाच्या कडेने येणारी राखीव युनिट्स) दुसऱ्या राउंडला तुमच्या हद्दीत येत नाहीत, तिसऱ्याला येतात, म्हणून कडेचा पहारा तोवर सोडू नका. सगळीकडे पहारा पुरणार नाही. अशा वेळी उद्दिष्टाचा मार्कर (ज्याच्या ताब्यावर गुण मिळतात) आणि तोफा असलेला कोपरा आधी झाका. दूरच्या कोपऱ्यात कुणी उतरलंच तर ९ इंचांहून दूरच्या चार्जला (धावून भिडण्याला) दोन फाशांवर किमान ९ लागतात, ३६ पैकी १० शक्यता.

क्रमही तपासा. युनिट्स आळीपाळीने मांडली जातात, तेव्हा कुठेही चालतील अशी स्वस्त युनिट्स आधी ठेवा आणि सगळ्यात महागडं शेवटी. फोटोत तुमच्या मुख्य हल्लेखोरासमोर त्याचा नेमका काळ उभा असेल तर हल्लेखोर बहुधा फार लवकर ठेवला गेला होता.

सरावाला पूर्ण डाव लागत नाही. त्याच सैन्यांनी, त्याच टेबलावर, फोटो बघून फक्त मांडणी आणि पहिले दोन राउंड खेळा. एका वेळी एकच युनिट बदला, नाहीतर फरक कशाने पडला हे कळणार नाही. मग बाजू बदला आणि तुमच्याच मांडणीवर समोरून हल्ला करा. कुठलं युनिट आधी मारावंसं वाटतं आणि कुठली फट खुणावते, ते वहीत त्याच ओळीपुढे लिहा.