'आईऽऽ झालीऽऽ' शाळेत चालत नाही! मुलाच्या शी-शूच्या सवयीतल्या या चुका टाळा

आमचे चिरंजीव अडीच वर्षांचे असताना मी सगळ्यांना सांगत सुटले होते की आमचा डायपर सुटला, आता काही टेन्शन नाही. शू लागली की सांगायचा, शी लागली की सांगायचा, कमोडवर बसायचा आणि मग आतून आरोळी, "आईऽऽ झालीऽऽ". मी तव्यावरची पोळी तशीच सोडून पळायचे. जूनमध्ये प्लेग्रुप सुरू झाला आणि तिसऱ्या दिवशी शाळेतल्या मावशी म्हणाल्या, अहो हा शू करून चड्डी गुडघ्यात ठेवून तसाच उभा होता बराच वेळ. रडला नाही, ओरडला नाही, हळूच एकदा "झाली" म्हणाला म्हणे आणि वाट बघत राहिला. मला इतकं वाईट वाटलं ना. पोराची चूक काहीच नव्हती, घरी इतके महिने तसंच तर चाललं होतं, तो झाली म्हणणार आणि पुढचं सगळं आई करणार.

म्हणजे डायपर सुटणं वेगळं आणि स्वतःचं स्वतः करता येणं वेगळं. शू तर शरीर आपोआप करतं, शिकवायचं असतं ते तिच्या आधीचं आणि नंतरचं, आणि आपण नेमकं तेच आपल्या हातात ठेवतो कारण घाई असते आणि आपण केलं की 1 मिनिटात होतं.

मे महिना वाया घालवू नका

शाळेच्या आदल्या आठवड्यात सुरुवात करणारे आईबाबा मी भरपूर बघितलेत. तोपर्यंत पाऊस सुरू झालेला असतो, गारव्यानं पोरं जास्त वेळा शू करतात, चड्ड्या दोन दोन दिवस वाळत नाहीत, आणि घरभर तो ओलसर वास. त्यापेक्षा एप्रिल-मे बेस्ट. पोरगं नुसत्या चड्डीत फिरतंय, फरशी पुसली की झालं, धुतलेलं तासाभरात वाळतंय. फक्त त्या काळात लग्नं आणि गावाला जाणं असतं, प्रवासात नवीन काही सुरू करू नका, परत आल्यावर करा.

आणि हो, शेजारच्या मुलाशी तुलना नको. आपल्याकडे 31 डिसेंबरपर्यंत 3 पूर्ण होणार असतील तरी प्रवेश मिळतो, म्हणजे जूनमध्ये एकाच वर्गात अडीच वर्षांचं पण पोर असतं आणि साडेतीनच्या जवळचं पण. या वयात ते वर्ष म्हणजे प्रचंड फरक. मुलगा तयार आहे का ते त्याच्याकडे बघून ठरवा: दीड-दोन तास चड्डी कोरडी राहते का, ओलं झालेलं त्याला आवडत नाही का, "चप्पल काढ आणि आत ये" अशी दोन कामं एकत्र सांगितलेली कळतात का.

आजी म्हणतात आमच्या वेळी वर्षाच्या आत पोरं सांगायची. खोटं नाहीये ते, पायावर धरून वेळेवर "शूऽऽ" केलं की बाळ करायचंच. पण त्यात वेळ आजी सांभाळायची, बाळ नाही. आमच्याकडे तर असं झालं की तो "शूऽऽ" आवाज कोणी काढल्याशिवाय याची शू सुरूच होईना. शाळेत कोण काढणार? तो आवाज हळूहळू कमी करत आणावा लागला, आधी लांबून, मग दाराबाहेरून, मग बंद.

चड्डी, चड्डी आणि चड्डी

माझ्या मते अर्धी लढाई इथे आहे आणि यावर कोणी बोलत नाही. पोराला शू लागल्याचं उशिरा कळतं, तो पळतो, बाथरूमपर्यंत पोचतो आणि बटण निघत नाही म्हणून दारात होते. मग आपण म्हणतो याला अजून कळत नाही. अहो त्याला कळलं होतं! शाळेची हाफ पँट हुक, बटण, चेन आणि वर बेल्ट अशी होती आमची, मोठ्या माणसाला पण 2 मिनिटं लागतील. टेलरकडून कमरेला इलॅस्टिक टाकून घेतलं आणि निम्मे अपघात त्या आठवड्यातच थांबले. चेनवाली जीन्स तर या वयात नकोच, आत चड्डी नसेल तर चेनमध्ये कातडी अडकते आणि ते दुखणं फार वाईट.

आता काढायची कशी ते नीट दाखवा. पोरं पुढून ओढतात, मग मागून ती ढुंगणावर अडकलेली राहते आणि बसल्यावर मागचा भाग ओला. दोन्ही अंगठे कमरेच्या दोन बाजूंना इलॅस्टिकच्या आत घालायचे आणि खाली ढकलायचं, ओढायचं नाही. वर घेताना एक हात पुढे आणि एक मागे. मागचा हात विसरला की चड्डी अर्धी वर येते आणि पोरगं तसंच बदकासारखं चालत बाहेर. हे शू लागलेली असताना शिकवू नका, घाईत काही कळत नाही. आम्ही बाबाची जुनी हाफ पँट त्याला कपड्यांवरूनच घालायला द्यायचो, कोण आधी काढतो असा खेळ, 4-5 दिवसांत हात बसला.

"शू आलीये का?" विचारणं बंद करा

कारण उत्तर कायम "नाही" असतं. ब्लॉक्स खेळताना तर शंभर टक्के नाही, आणि पुढच्या मिनिटाला तळं. विचारण्यापेक्षा वेळा बांधा: उठल्यावर, जेवणाआधी, बाहेर जाताना, झोपताना. "चला, शू करून येऊ आणि मग जेवू" एवढंच. पण दर 20 मिनिटांनी उचलून नेणं ही पण चूकच, मग मूत्राशय भरल्याची जाणीव त्याला कधी होणारच नाही. दीड-दोन तास ठीक.

आणि शब्द. कोणाकडे शू, कोणाकडे सू, कोणाकडे नंबर वन, आमच्या एका भाचरानं तर स्वतःचाच शब्द काढला होता जो घराबाहेर कोणालाच कळायचा नाही. शाळेत काय म्हणतात ते आधी विचारून घ्या आणि मे महिन्यापासून तोच शब्द वापरा. "टीचर, मला शू लागली" हे वाक्य मोठ्यानं म्हणायची प्रॅक्टिस करा, खरंच करा, पोरं लाजतात आणि लाजेपायी करून ठेवतात.

उभ्यानं की बसून?

आधी बसून. बसलं की शू करता करता शी पण होऊन जाते, आणि नेम वगैरे भानगड नसते. उभ्यानं नंतर बाबांकडून शिकेल. एक गंमत सांगते, घरी घाईत आपण मुलग्यांना सरळ मोरीत उभं करतो ना, "कर इथेच". आमचा शाळेत बाथरूमच्या फरशीवर जाळीच्या बाजूला उभा राहून मोकळा झाला. त्याला वाटलं मोरीच आहे. तेव्हा मोरीची सवय लावू नका, नंतर काढायला दुप्पट वेळ जातो. उभ्यानं करायला लागला की झाल्यावर थेंब झटकायला शिकवा, नाहीतर चड्डीला वास राहतो.

कमोडवर पाय लोंबकळू देऊ नका. पाय अधांतरी असले की पोराचं लक्ष पडू नये यातच आणि शी करायला जोर लागत नाही. खाली पाट किंवा छोटं स्टूल, गुडघे जरा वर यायला हवेत. आणि इंडियन टॉयलेट पण दाखवून ठेवा. बऱ्याच शाळांत तेच असतं, फ्लॅटमधल्या पोरांनी ते कधी बघितलेलंच नसतं, मग भोकाला घाबरून 4 तास दाबून घरी येतात.

धुणं, ज्याला आपण सगळे टाळतो

तीन वर्षांचं पोर शी पूर्ण स्वच्छ धुवेल ही अपेक्षा ठेवू नका, ते अजून वर्ष-दीड वर्षानं. पण सुरुवात त्याच्या हातानं आणि शेवट आपल्या हातानं, असं ठेवा. मोठी चूक म्हणजे मोठा मग. 1 लिटरचा भरलेला मग 1 किलोचा होतो, तो मागे नेऊन ओतणं त्याला जमणारच नाही, सगळं पाणी पाठीवर. पाव लिटरचं छोटं टमरेल किंवा प्लास्टिकचा कप द्या. जेट स्प्रे असेल तर त्याचा अँगल कॉक (भिंतीवरचा छोटा नळ) अर्धा बंद करून प्रेशर कमी करा, एकदा जोरात फवारा लागला की पोरगं महिनाभर घाबरतं.

डावा हात कसा चालवायचा ते आम्ही वाटीवर शिकवलं. बेसनाचं पीठ लावलेली स्टीलची वाटी उपडी धरायची, उजव्या हातानं पाणी सोडायचं, डाव्या हाताच्या बोटांनी चोळायचं, गुळगुळीत लागेपर्यंत. गुळगुळीत म्हणजे काय हे बोटांना कळलं की पुढचं सोपं. नंतर साबण, दोन्ही हात 20 सेकंद, आणि बेसिनपर्यंत हात पोचायला स्टूल. हँडवॉशचा पंप कडक असेल तर साधी वडी ठेवा.

शी दाबून ठेवणारा मुलगा

यावर जरा थांबते कारण इथे खूप घरं चुकतात. पोरगं पडद्यामागे जातं, टाचा उंच, पाय आवळलेले, तोंड लाल. आपल्याला वाटतं जोर लावतोय. बहुतेक वेळा तो जोर लावत नसतो, दाबत असतो. एकदा कडक शी दुखली की तो पुढची टाळतो, टाळली की ती अजून मोठी आणि कडक होते, मग अजून दुखते. पुढे पुढे त्या कडक गोळ्याच्या बाजूनं पातळ शी झिरपते आणि चड्डीला डाग पडतात, आई समजते जुलाब लागले आणि केळं-दहीभात सुरू. असतं बद्धकोष्ठ! असं दिसलं तर बालरोगतज्ज्ञाकडे जा, शी मऊ होण्याचं औषध काही काळ द्यावं लागतं, आणि ते 4 दिवसांत मनानं बंद करायचं नसतं.

विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून किंवा साबणाची वडी शीच्या जागी घालायची, हे उपाय प्लीज नको. तात्पुरती शी होते पण पोराच्या डोक्यात भीती पक्की बसते. दुधाकडे बघा. दिवसाला 4 बाटल्या दूध आणि जेवण शून्य असेल तर शी कडक होणारच, अर्धा लिटरच्या आत आणा. भिजवलेल्या मनुका, पपई, भाजी-भाकरी, पाणी. जेवणानंतर 15-20 मिनिटांनी आतडी हलायला लागतात तेव्हा 5 मिनिटं बसवा, हातात मोबाइल न देता. नाही झाली तर उठू द्या.

शू कमोडमध्ये पण शीला डायपरच हवा असं म्हणणारी पोरं पण असतात. हट्टाला पेटू नका, डायपर द्या, पण बाथरूममध्ये. मग डायपर घालूनच सीटवर, मग डायपर नुसता सीटवर पसरून. महिना लागेल, लागू दे.

शेम शेम आणि बाकीचं

"शेम शेम पपी शेम" म्हणून हसणं बंद, पाहुण्यांसमोर तर अजिबात नाही. ओली झाली तर त्याच्याच हातानं चड्डी बादलीत टाकायला लावा, आवाज न चढवता. शाळा सुरू झाल्यावर किंवा घरात बाळ आल्यावर जमलेलं सगळं महिनाभर बिघडतं, तो मागे गेला म्हणून डायपरवर परत जाऊ नका.

आंघोळ घालताना शूच्या जागेची कातडी जोर लावून मागे ओढू नका, कोणीही कितीही सांगितलं तरी. या वयात बऱ्याच मुलांची ती चिकटलेलीच असते, वर्षागणिक आपोआप सुटते, ओढली तर चिरते आणि सुजते. बाहेरून पाण्यानं धुतलं की पुरे. शू करताना रडतो, ताप येतो, तिथे लाल सुजलंय किंवा धार न येता थेंब थेंब येते, तर डॉक्टर.

बाथरूममध्ये एकटा जायला लागला की आतली कडी त्याच्या हाताला लागणार नाही अशी वर घ्या, भरलेली बादली ठेवू नका (थोड्याशा पाण्यात पण लहान मूल बुडू शकतं), ॲसिड-फिनाईल वरच्या फळीवर, आणि गरम पाण्याचा नळ त्याला फिरवता येता कामा नये.

रात्रीचं डोक्यातून काढा. दिवसा कोरडा आणि रात्री ओला हे 5 वर्षांपर्यंत अगदी कॉमन आहे, शाळेशी त्याचा संबंध नाही.

दप्तरात 2 जादा चड्ड्या, 1 पँट आणि ओल्या कपड्यांसाठी कॅरीबॅग द्या, आणि प्रत्येक चड्डीच्या पट्टीवर मार्करनं नाव लिहा. आम्ही नाही लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात तो कोरडाठाक घरी आला, मी खूष, आणि संध्याकाळी बघते तर अंगात हिरव्या डायनासोरची चड्डी. आमच्याकडे डायनासोर नव्हताच. ग्रुपवर फोटो टाकला, कोणी आपली म्हणून ओळखली नाही, अजून ती आमच्या कपाटातच आहे.