सवाईच्या आधीचा शनिवार-रविवार: घरी श्रवणबैठक कशी जमवावी

डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला पुण्याला जाणारी आमची एक टोळी आहे. महोत्सवाच्या आधीच्या शनिवार-रविवारी ही टोळी माझ्या ठाण्यातल्या, नौपाड्याच्या घरी जमते. कुणी टर्नटेबल आणतं, कुणी ॲम्प्लिफायर, कुणी नुसतेच कान. तुम्हालाही घरी असं काही जमवायचं असेल, तर काय करावं आणि कशाच्या वाटेला जाऊ नये ते सांगते. माझं एक मत आधीच ऐकून ठेवा: यंत्रांचा बाजार भरवायला दुकानं आहेत. घरी जमायचं ते गाणं ऐकायला. यंत्राची परीक्षा करायचीच असेल तर ती तानपुऱ्यावर करावी. कुठल्याशा परदेशी ढोलांच्या ट्रॅकवर खिडकीच्या काचा थरथरवून कोणाचंच काही सिद्ध होत नाही.

माणसं सहा ते आठ, त्याहून जास्त नकोत. दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध बसून ऐकायला मिळेल अशी जागा एकच असते, आणि तिथे प्रत्येकाची पाळी यायला हवी. "मी आलो तर माझा मित्रपण येईल" असं म्हणणाऱ्याला प्रेमाने पुढच्या वर्षीचं आमंत्रण द्यावं.

आधी हॉल

इमारतींमधला हॉल साधारण दहा बाय सोळा फुटांचा असतो. खाली गुळगुळीत टाइल, एका अंगाला काचेची सरकती खिडकी, भिंती रिकाम्या. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीच्या मागोमाग बारीक 'टर्र' ऐकू आली, की समजा समोरासमोरच्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवतायत. यावर पैसे खर्च करायची गरज नाही. जमिनीवर सतरंजी, भिंतीला टेकून पाहुण्यांच्या गाद्या उभ्या, खिडकीचे पडदे ओढलेले, आणि पडदे पातळ असतील तर त्यांच्या दांडीवर एक गोधडी. पुस्तकांचं उघडं कपाट बाजूच्या भिंतीला असेल तर उत्तमच.

गाद्या नेमक्या कुठे उभ्या करायच्या ते आरशाने ठरवा. तुम्ही ऐकायच्या जागी बसा आणि दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून हातआरसा सरकवायला सांगा. ज्या जागी आरशात तुम्हाला स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज भिंतीवर आपटून तुमच्या कानात शिरतो. गादी तिथे. दुसऱ्या भिंतीवरही तेच.

स्पीकर दहा फुटी भिंतीशी ठेवा, म्हणजे समोर सोळा फुटांची लांबी मिळते. मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, कोपऱ्यापासून लांब. कोपऱ्यात ढकलला की तबल्याचा डग्गा फुगतो आणि गाणाऱ्याच्या अंगावर बसतो.

आता ऐकणारा कुठे बसणार? इथे थोडं गणित आहे, पण ते फार गोड निघतं. सोळा फूट म्हणजे ४.८८ मीटर. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. तेव्हा या लांबीत जे सूर घुमतात, त्यांतला पहिला ३५ हर्ट्झच्या आसपासचा आणि दुसरा ७० च्या. काळी एकमध्ये (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्यात खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या तारेचा मूळ सूर असतो ६९ हर्ट्झच्या जवळपास. म्हणजे खर्जच नेमका हॉलच्या तावडीत सापडतो! हॉलच्या मध्यावर आणि टोकाच्या भिंतींशी तो अंगावर येतो, टोकाच्या भिंतीपासून चार फुटांवर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून खुर्ची ना मध्यावर, ना भिंतीला टेकून, ना चार फुटांवर. मागच्या भिंतीपासून साडेपाच-सहा फूट ही जागा धरा आणि तिथून वीतभर पुढेमागे सरकून ऐका. तुमच्या हॉलची लांबी वेगळी असेल तर ३४३ ला मीटरमधल्या लांबीने भागा, दुसरा सूर मिळेल.

तानपुरा मी एवढा का धरून बसते, तर तो दोन्ही टोकं एकदम तपासतो. खाली खर्ज, वर जवारी, म्हणजे घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याने येणारा झंकार. जवारी नीट लागलेल्या तारेतून वरचे स्वर सुटे सुटे झरत राहतात. ते एकमेकांत चिकटून नुसतं 'झूं' उरलं, तर स्पीकर, खोली किंवा सुई यांपैकी कोणीतरी खोटं बोलतंय. एकट्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग दहा मिनिटं लावा. ज्याला दहा मिनिटं तानपुरा ऐकवत नाही, त्याला बैठकीचा चहा करायला स्वयंपाकघरात पाठवावं.

बैठक जमिनीवर असेल तर कान अडीच फुटांवर येतात आणि स्टँडवरच्या स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे वरचे सूर देणारा छोटा भाग, डोक्यावरून बोलतो. स्पीकर सरळ चौरंगावर उतरवा, नाहीतर मागच्या बाजूला रबराचे तुकडे सरकवून किंचित पुढे झुकवा.

वीज आणि घरघर

चार घरांतली यंत्रं एकत्र आली की घरघर ही येणारच. सगळी यंत्रं एकाच भक्कम एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. एक या भिंतीच्या सॉकेटवर, दुसरं त्या भिंतीच्या, असं केलं की अर्थिंगचे दोन रस्ते होतात आणि त्यांच्यात ५० हर्ट्झची घरघर फिरत राहते. तरीही गेली नाही तर सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा, बऱ्याचदा चोर तिथेच असतो. टर्नटेबलची बारीक अर्थची तार फोनो प्रीॲम्पच्या (सुईचा बारीक आवाज वाढवणारी पेटी) स्क्रूला लावली आहे ना, तेही बघा. प्लगची अर्थ पिन काढून घरघर घालवण्याचा सल्ला देणारा एक तरी जण प्रत्येक बैठकीत असतो. ते करायचं नाही. घरघर कानाला त्रास देते, अर्थ नसलेला ॲम्प जीव घेऊ शकतो.

स्पीकरच्या तारा बदलताना ॲम्प बंद हवा. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा ॲम्प असेल तर स्पीकर जोडल्याशिवाय तो चालू करायचाच नाही, आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. तारा जोडून झाल्या की एक गायकी लावा. आवाज मधोमध न राहता दोन्हीकडे विरघळल्यासारखा वाटला आणि डग्ग्याचा दम गेला, तर एका स्पीकरची लाल-काळी उलटी लागली आहे.

शनिवार: तुलना

आमच्याकडे यंत्रांचे सगळे खेळ शनिवारी. रविवारी स्क्रूड्रायव्हर कपाटात आणि किल्ली माझ्याकडे.

दोन ॲम्पची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी केली नाही, तर जो किंचित मोठा वाजतो तोच सगळ्यांना 'जास्त मोकळा' वाटतो. अगदी जाणत्यांनासुद्धा. म्हणून पातळी कानाने जुळवू नका, मल्टिमीटरने जुळवा. २०० हर्ट्झचा साधा सूर लावा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. साधा मल्टिमीटर घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेला असतो, फार वरच्या सुराला तो चुकीचं सांगू शकतो, म्हणून खालचा सूर. पहिल्या ॲम्पला २.०० व्होल्ट आले तर दुसऱ्याचं बटण १.९८ ते २.०२ च्या आत आणा. एवढ्यात फरक ०.१ डेसिबलच्या आत राहतो.

स्पीकरांची तुलना जास्त अवघड. एकाची संवेदनशीलता (तेवढ्याच विजेत किती मोठा वाजतो ते) ८६ डेसिबल आणि दुसऱ्याची ८९ असेल, तर त्याच बटणावर दुसरा तीन डेसिबल मोठा वाजणार. पहिल्याला त्याच्या बरोबरीला आणायला दुप्पट वॅट लागतात. इथे एकच सूर लावून भागत नाही, कारण खोली मध्ये येते. पिंक नॉइज (सगळे सूर एकत्र असलेला 'श्श'सारखा आवाज) लावून, फोनमधलं डेसिबलचं ॲप ऐकायच्या जागी धरून दोन्ही सारखे करा. ॲपचा आकडा खरा नसला तरी चालतो, दोन्ही वेळा फोन तोच आणि जागा तीच हवी.

आणि मग चादर. यंत्रांसमोर चादर बांधा, मागे एकाला बसवा, त्याने नाणं उडवून हे की ते ठरवावं आणि वहीत लिहावं. ऐकणाऱ्याने दहा वेळा ओळखायचं. नुसत्या नशिबावर दहापैकी नऊ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता शंभरात एक आहे, तेव्हा नऊ आले तर मान द्या. सहा आले तर चहा द्या. महागड्या केबलचे भक्त या खेळाला बसायला फारसे तयार नसतात, त्यांना आग्रह करू नये. पाहुणे आहेत.

रेकॉर्डी

पावसाळा काढलेल्या एलपीवर बुरशीचे पांढरे ठिपके असतातच. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, लेबल कोरडं ठेवायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत वाळतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडं मिसळून एलपीला चालतं, पण ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकडीला त्याचा थेंबही लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. आजोबांची तबकडी चमकवायला गेलात तर तीन मिनिटांचं गाणं फडक्यावर उतरेल.

७८ ला सुईही वेगळी हवी. तिची खाच रुंद, तिला साधारण तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, एलपीची एक मिलपेक्षाही बारीक असते. एलपीच्या सुईने ७८ वाजते, पण सुई खाचेच्या तळाशी खरखरत फिरते. ॲम्पवर मोनोचं बटण असेल तर दाबा, बरीच खरखर तिथेच गळते. सुईचा भार काट्यावर मोजून घ्या. ऑर्टोफोनच्या टूएम रेड या सुईला कंपनी १.८ ग्रॅम सांगते. 'हलकं ठेवलं की रेकॉर्ड कमी झिजते' हा समज सोडा, हलकी सुई खाचेत उडते आणि भिंती खरवडते.

खाणं रेकॉर्डींच्या खोलीत नाही. रविवारी सकाळी मामलेदारची मिसळ खाऊन या, हरकत नाही, पण साबणाने दोनदा हात धुवून. तर्रीचा एक ठसा एलपीवर कायमचा मुक्काम करतो.

रविवार: ऐकणं

क्रम प्रहराने लावा. सकाळी तोडी, जौनपुरी, दुपारी सारंगाचे प्रकार, तीननंतर भीमपलास, मुलतानी, दिवेलागणीला मारवा, पूरिया, श्री, मग यमन. पुण्याला मंडपात सकाळचे राग क्वचितच वाट्याला येतात, ते घरी ऐकून घ्यावेत. सवाई पूर्वी रात्रभर चालायचा, पहाटेचे राग पहाटे ऐकायला मिळायचे. लाउडस्पीकरला रात्री दहाची मर्यादा आली आणि ते गेलं. त्याची हळहळ आमच्यातले ज्येष्ठ दरवर्षी करतात, आणि करू द्यावी.

मधला तासभर मी एका परंपरेला देते, किराणा घराण्याच्या. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यांच्या ७८ च्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मिळतात, तेवढ्यात राग उभा करावा लागे. त्यांच्यानंतर त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. आणि मग सवाई गंधर्वांचे तीन शिष्य लागोपाठ: गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर, भीमसेन जोशी. गुरू १९५२ मध्ये गेले आणि भीमसेनजींनी १९५३ पासून त्यांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला. त्या मंडपात बसण्याआधी ही साखळी कानांवरून गेलेली असली, की किराण्याचा एखादा तरुण गायक षड्जावर थांबतो तेव्हा तो कुठून आला आहे ते कळतं. एलपीच्या एका बाजूला वीसेक मिनिटं मिळतात. ७८ नंतर लगेच एलपी लावा, म्हणजे विलंबिताला, संथ लयीला, जागा मिळाल्यावर तोच राग कसा पाय पसरतो ते दिसतं.

रेकॉर्ड चालू असताना बोलायचं नाही. बाजू संपली की बोला, पण 'सोनं झालं' याच्या पुढचं काहीतरी बोला.

शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून या, जमलं तर बोलवा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल अशी कायद्याची मर्यादा आहे. दारं-खिडक्या लावून माणसाच्या गाण्याएवढ्या आवाजात ऐकलं तर कोणाची तक्रार येत नाही. मी आठला बंद करते, कारण घोडबंदर रोडकडे जाणाऱ्यांना त्यानंतर वाहतुकीत अडकायचं असतं आणि ऐरोलीवाल्यांना गाडी पकडायची असते.

निघताना टर्नटेबलची सुई झाकणाने झाका, आर्मचं मागचं वजन काढून वेगळं गुंडाळा, आर्म अडकवा, वरची थाळी उचलून वेगळी न्या. व्हॉल्व्ह पूर्ण गार होऊ द्या, मग काढा. रिक्षात टर्नटेबल मांडीवर, डिकीत नाही. एलपी उभ्याच ठेवायच्या, आडव्या रचल्या की वाकतात.

कोणी कोणाची रेकॉर्ड नेली ते दाराशी वही ठेवून लिहून घ्या, नाव आणि परत द्यायची तारीख दोन्ही. तारीख सवाईच्या नंतरची लिहा, आधीची कोणी पाळत नाही.